केसभर थरथर

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारे लोक किती वर्षं नोकरी केली ते आधी सांगून टाकतात. पेणच्या वाचनालयात मी असे पुष्कळ लेख वाचले आहेत. म्हणून मीही सांगून टाकते. एकतीस वर्षं गणपतीचे डोळे रंगवले. मग एक वर्ष मूर्ती पॅक केल्या. आणि गेली तीन वर्षं आठवड्यातून तीन दिवस संगणकाच्या पडद्याकडे बघते. बघते म्हणजे नुसती बघते. तेच माझं काम आहे.

जिच्यासाठी मी हे बघते ती शलाका म्हणते, "मावशी, लिहा, अंकाला देऊ." अंकाला मी देणार नाही. कुणी ओळखीच्याने वाचलं तर मला महिनाभर बाजारात मागच्या गल्लीने जावं लागेल. पण लिहिताना कुणीतरी समोर बसलंय असं धरून लिहिते, कारण समजावून सांगण्यात मजा आहे आणि ती मला फार उशिरा कळली.

आधी आखणी सांगते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आमच्या कारखान्यात हे काम सगळ्यात शेवटी होतं. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, घासली जाते, तिला अंगाचा रंग लागतो, पितांबर होतं, दागिने होतात. तोवर बायका तिच्यासमोर डबे खातात, भांडतात, सासवांची उणीदुणी काढतात. डोळे झाले की त्याच बायकांचा आवाज आपोआप खाली येतो. पापणीची रेघ एका दमात ओढायची असते. श्वास रोखायचा, मनगट कशावर तरी टेकवायचं आणि रेघ संपेपर्यंत दोन्ही सोडायचं नाही. हात हवेत ठेवून आखणी करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. टेकू लागतोच. हा टेकू लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर आहे.

गिऱ्हाईक यायचं, मूर्तीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "काय डोळे आहेत! कुणी काढले?" आमचे मालक भाऊशेठ माझ्याकडे मान वळवायचे. तोवर मी पोत्यांच्या थप्पीमागे गेलेली असायची. एकदा एका बाईने थप्पीमागे येऊन मलाच विचारलं, "इथे आखणी कोण करतं हो?" मी म्हटलं, "त्या आज आल्या नाहीत." एकतीस वर्षांत "मी काढले" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मग उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, केसभर. पण आखणीत केसभर म्हणजे हातभर. त्या वर्षी एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा मी तीनदा पुसला. चौथ्यांदा रेघ मधेच हलली, दारात गाडी उभी होती आणि मूर्ती तशीच गेली. ती कुणाच्या तरी घरी दहा दिवस बसली, लोकांनी तिच्याकडे बघून हात जोडले, हे मला अजून टोचतं. दुसऱ्या दिवशी मी भाऊशेठना म्हटलं, "गुडघे दुखतात. आखणीला बसवत नाही. पॅकिंगला जाते." पॅकिंगला उठबस आखणीपेक्षा कितीतरी जास्त असते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं.

शेजारी बसून पितांबरं रंगवणारी तुळसा मात्र म्हणाली, "गुडघे हाताला कवा आले गो?" एवढंच. पुन्हा कधी तिने विषय काढला नाही. मी हात झाकायला शिकले. पदरात, पिशवीखाली, नाहीतर कशावर तरी दाबून ठेवायचा.

आता शलाका. ती भाऊशेठची भाची. सासर रोह्याजवळ वरशाला. ती तिथे घरात बसूनच एका कंपनीचं काम करते. काय काम करते ते मला समजायला एक पावसाळा लागला. तुम्हाला मी लवकर सांगते.

संगणकात एका वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. प्रत्येक जण आपापला कागद रंगवतो. कुणाचा कागद वर, कुणाचा खाली, कुणाचा अर्धा झाकलेला, हे ठरवून सगळ्यांचं मिळून एक चित्र करायचं आणि ते पडद्यावर न्यायचं, असं काम करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. मी त्याला मांडणीवाला म्हणते. तो हे सेकंदाला साठ वेळा करतो. शलाकाचा मांडणीवाला फुकट मिळतो आणि त्याची आतली लिखावट सगळ्यांना उघडी असते. जगात कुणीही ती वाचावी, चूक दाखवावी, सुधारून द्यावी. मला हे ऐकून धक्काच बसला होता. आमच्याकडे एक कारखानदार दुसऱ्याला साचा दाखवत नाही.

आता रंगवायचं कुणी? संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे भाऊशेठ. ऑर्डरी घेतील, फोन घेतील, फुटलेला साचा सांधतील, पण हात दोनच. ग्राफिक्सची चिप म्हणजे आमचा रंगकामाचा हॉल. चाळीस बाया, एकेकीला एकच काम येतं, पण सगळ्या एकदम करतात. मांडणीवाल्याने काम हॉलकडे दिलं की पडदा लोण्यासारखा चालतो. यालाच ते हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. हॉल आहे, पण मांडणीवाल्याला बायांची भाषाच येत नसेल, तर भाऊशेठ एकटेच चारशे मूर्ती रंगवायला बसतात आणि संगणकाच्या आतला पंखा किंचाळतो.

तीन वर्षांपूर्वी शलाकाने आमच्या कारखान्यातल्या संगणकावर नवा मांडणीवाला घातला. तिथे पडद्यावर एक गणपती सावकाश फिरतो आणि गिऱ्हाईक त्याच्या पितांबराचा रंग बदलून बघतं. मी खोकी बांधत होते. जाता जाता नजर गेली.

"त्याचा डोळा तुटतो," मी म्हटलं.

"कुणाचा?" शलाका म्हणाली.

"गणपतीचा. फिरताना. पापणीची रेघ मधोमध सरकते. वरची मागं राहते, खालची पुढं जाते."

ती पडद्याला नाक लावून बसली. "मला नाही दिसत, मावशी."

"आता. बघ. आता. हे आता पुन्हा."

तिने मोबाइलवर चित्रण केलं आणि अगदी हळू करून पाहिलं. मी "आता" म्हटलं त्या प्रत्येक ठिकाणी चित्र फाटलेलं होतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी सुतळी शोधायला निघून गेले.

झालं असं होतं की मांडणीवाल्याजवळ दोन कागद असतात. एक पडद्यावर, एक मागे रंगत असलेला. मागचा पुरा झाला की अदलाबदल. पडदा पुढचा कागद वरून खाली उतरवून घेतो, आणि तो अर्धाच उतरवून झालेला असताना अदलाबदल केली तर वर जुनं, खाली नवं, आणि मधे चीर. मी शलाकाला म्हटलं, "डोळे झाल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर काढत नाय, एवढं तुझ्या मांडणीवाल्याला कोण शिकवेल?" ती म्हणाली, "तुम्ही." मला वाटलं थट्टा करते.

तेव्हापासून तीन दिवस वरशाला आणि बाकीचे दिवस पॅकिंगला. रोह्याची एसटी गडबवरून जाते. गडब माझं माहेर. आखणीला लागले तेव्हा भावाला वाटायचं मी नुसता रंग कालवते. आता तो थांब्यावर दिसला की ओरडून विचारतो, "काय गो सुमन, आज काय बघणार?" अख्खी एसटी माझ्याकडे बघते आणि मी खिडकीबाहेर बघते. तुळसाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बघायचा पगार? मग आमची सासू कवाच मालकीण झाली असती."

पण मजा फार यायची. एकदा कोलाडच्या एका खानावळवाल्याने शलाकाला बोलावलं. त्याच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पदार्थांची नावं सरकायची आणि आत आमचाच मांडणीवाला होता. मालक हातवारे करत म्हणाला, "मॅडम, काल एक पाव्हणा कोळंबीची खीर मागायला लागला. मी म्हटलं नाय मिळत. तो म्हणतो, लिवलंय ना वर!" आणि खरंच, "कोळंबी" सरकून गेली तरी तिथेच राहायची आणि शेजारी "खीर" येऊन बसायची. मांडणीवाला दर वेळी सगळं चित्र नव्याने रंगवत नाही, बदललं असेल तेवढंच रंगवतो. आम्हीही मूर्तीचा टवका उडाला तर तेवढ्यालाच रंग लावतो. पण टवका केवढा हे नीट बघावं लागतं. मांडणीवाल्याचा टवक्याचा अंदाज डाव्या बाजूला थोडा कमी पडत होता. शलाकाने तिथेच बसून दुरुस्त केलं. खानावळवाला खूश झाला, पण थोडा हिरमुसलाही. म्हणाला, "तशी एक-दोघांनी मागितली होती म्हणा. करून बघणार होतो."

शलाकाचे बाकीचे सहकारी परदेशात. मीटिंग पडद्यावर होते. मी कॅमेऱ्यात येत नाही. कपाटाच्या कडेला खुर्ची ओढून बसते, शलाकाच्या कानात सांगते आणि ती त्यांना इंग्रजीत सांगते. त्यांच्यात हेन्रिक म्हणून एक जण मुख्य आहे. कुठल्यातरी फार थंड देशातला. लांब दाढी, आणि मीटिंग चालू असताना लोकरीचं विणतो. तीन वर्षांत त्याचे दोन स्वेटर आणि एक लहान मुलाची टोपी माझ्यादेखत पुरी झाली. टाका चुकला की मला दिसायचं, पण ते मी कधी सांगितलं नाही.

आता यंदाची गोष्ट. त्यासाठीच लिहायला बसले.

मांडणीवाल्याची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. चित्र पडद्याकडे नेण्याची सगळी रीतच तिच्यात बदलली होती. चाचणीसाठी मी नेहमीचंच चित्र घेतलं, आमच्या कारखान्यातला फिरणारा गणपती. पापणीच्या रेघेवर नजर ठेवली. आणि रेघ थरथरली.

फाटत नव्हती. मधेच एक क्षण अडकायची आणि पुढे उडी घ्यायची. केसभर.

मी उठले आणि शलाकाने माझ्या खुर्चीत बसून बघितलं, तिला दिसलं नाही. हे नेहमीचंच. पण मोबाइलवर हळू करून पाहिलं तरी दिसलं नाही. मोजणारा प्रोग्राम लावून ठेवला आणि आम्ही जेवून आलो. तो म्हणाला, एकही चित्र चुकलेलं नाही. मी खुर्चीत बसले. रेघ थरथरली. ती बसली. रेघ गुळगुळीत.

"मावशी, नक्की?"

"नक्की."

तिने त्या एका शब्दावर आवृत्ती रोखून धरली. हेन्रिकने आठ ठिकाणी आठ जणांकडून तपासून घेतलं. कुणालाच काही नाही. त्याने मीटिंगमधे सुया खाली ठेवल्या, हे त्याने कधी केलेलं नव्हतं, आणि फार सभ्यपणे काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत नाही, पण आपल्याबद्दल बोललेलं कुठल्याही भाषेत कळतं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, शुक्रवारपर्यंत थांबू. आणि..." ती घुटमळली. "म्हणतो, त्यांचे डोळे तपासलेत का?"

त्या दिवशी परतीच्या एसटीत गडब कधी गेलं मला कळलं नाही. हात गेला तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की डोळे आहेत ना. आता डोळेही हातासारखेच थरथरायला लागले असतील, तर थरथर पडद्यात नव्हतीच, माझ्यात होती. आणि त्या पोरीने जगभरातल्या माणसांसमोर आपला शब्द माझ्या डोळ्यांवर लावला होता.

दुसऱ्या दिवशी ती मला रोह्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. मी शेवटची ओळ वाचली आणि तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "खरंच की. मला माहीत नव्हतं." मग विचारलं, "तुम्ही आलात कशाला?"

शलाका दारातच हसायला लागली. मला हसू येईना. डोळे चांगले आहेत म्हणजे मग वेड तर लागलं नाही ना, हा नवा घोर.

गुरुवारी मी सकाळपासून खुर्चीत होते. डाव्या हाताने हनुवटी धरलेली. उजवा हात माऊसवर दाबून ठेवलेला. माऊस मला हलवायचा नसायचा, पण आखणीवाल्या हाताला टेकू लागतो, तो हवेत राहत नाही. आणि खरं सांगायचं तर झाकायलाही ती जागा चांगली होती. तीन वर्षं तो हात तिथेच असायचा. चहासुद्धा मी डाव्या हाताने घ्यायची. शलाका कप बाजूला ठेवून जायची, तिच्या कधी लक्षात आलं नाही.

त्या दिवशी चहा घेऊन माई आल्या. माई म्हणजे शलाकाच्या सासूबाई. आम्ही दोघी दिवसभर गणपती बघत बसतो म्हणजे काहीतरी मोठं व्रत करतो अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि त्या दारातून आत येताना पायातलं काढून येतात.

मी डावा हात पुढे केला.

"डाव्यानं?" माई म्हणाल्या. "देवासमोर बसून डाव्या हातानं घेतेस? उजवा पुढं कर गो."

"राहू दे माई, ठेवा तिथं."

"ठेवा काय? उजवा कर. सवय लागते वाईट."

काय करणार. मी माऊस सोडला आणि उजव्या हाताने कप घेतला. चहा थरथरायला लागला. कपाच्या कडेपर्यंत बारीक बारीक लाटा. मी माईंची नजर चुकवायला पडद्याकडे बघितलं.

पापणीची रेघ शांत होती.

चहा थरथरत होता आणि पडदा नाही. मी पापणी लववली नाही. गणपती पुरा एक वेढा फिरला. गुळगुळीत. कप खाली ठेवला, हात माऊसवर ठेवला. रेघ अडकली. हात उचलला. शांत. ठेवला. अडकली. मी असं सात वेळा केलं. माई म्हणाल्या, "काय गो, चहा नकोय काय?"

मला सगळं कळलं होतं. आणि सांगायचं तर हात दाखवावा लागणार होता.

सुखाची गोष्ट पोटात आली आणि तोंडातून निघेना असं माझं झालं. डोळे शाबूत आहेत, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण त्यासाठी चार वर्षं जे पदराखाली ठेवलं होतं ते पुढे करावं लागणार. शलाका आतल्या खोलीतून आली तेव्हा मी अजून चहाकडे बघत होते. पुन्हा कप उचलला आणि तिच्यासमोर धरला.

"शलाका, माझा हात थरथरतो."

"कधीपासून?"

"चार वर्षं. गुडघे चांगले हायत माझे."

मला वाटलं, ती अरेरे म्हणेल. तिने माझ्या हातातून कप काढून घेतला, माझा हात उचलून माऊसवर ठेवला, पडद्याकडे बघितलं, मोजणारा प्रोग्राम चालू केला, आणि आकडे धावायला लागले तशी किंचाळली. "मावशी! चुकतंय! दर वेळी चुकतंय! हात हलवू नका. नाही, हलवा! म्हणजे आपोआप हलतोय तसाच हलू द्या!" आणि मला मिठी मारली. त्याने माऊस पडला, माई घाबरून म्हणाल्या, "पावला काय?"

त्याचं असं होतं. पडद्यावर बाण असतो ना, माऊसबरोबर फिरणारा, तो मांडणीवाला वेगळ्या छोट्या कागदावर ठेवतो, म्हणजे तो हलला तरी खालचं सगळं चित्र पुन्हा रंगवायला नको. नव्या रीतीत चित्र आणि बाण एकाच टेम्पोतून पडद्याकडे जायचे. दर फेरीला एकच टेम्पो. माझ्या हाताच्या थरथरीने माऊस इतका थोडा हलायचा की बाण जागचा हलायचाही नाही. पण "मी हललो" अशी हाक मात्र जायची. हाक आली की टेम्पो लगेच सुटायचा, जवळजवळ रिकामा, आणि रंगवून तयार असलेलं चित्र दारात पुढच्या फेरीची वाट बघत उभं. हात माऊसवर नसेल तर हाकच नाही. कुणी मुद्दाम माऊस हलवला तर बाण चांगला लांब जातो आणि माणसाची नजर त्याच्यामागे जाते. न हलल्यासारखा हलवत राहायला माझाच हात लागत होता.

शलाकाने तातडीने मीटिंग बोलावली. सगळं सांगितलं. मग हेन्रिकने विणकाम बाजूला ठेवलं, हात माऊसवर ठेवला आणि थरथरवायला लागला. त्याला जमेना. बाण इकडून तिकडे धावत होता. मग दुसऱ्याने, मग एका बाईने. बघता बघता पडद्यावरच्या नऊ चौकोनांत नऊ मोठे इंजिनीअर हात थरथरवत बसले होते. एकाची दाढी हलत होती, एकाचे गाल, एकाची तर खुर्ची. हात सोडून सगळं थरथरत होतं. हेन्रिकने काहीतरी विचारलं.

"म्हणतो, हे तुम्ही कसं करता, जरा दाखवाल का?" शलाका म्हणाली.

मला इतकं हसू फुटलं की मी कपाटाआडून कधी उठले आणि शलाकाच्या शेजारी कधी जाऊन बसले ते मलाच कळलं नाही. कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं तेव्हा उशीर झाला होता. नऊ जण माझ्याकडे बघत होते. हेन्रिकने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मीही नमस्कार केला. मग हात माऊसवर ठेवला.

हात थरथरेना.

दगडासारखा स्थिर. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, थरथरा ना," शलाका हळूच म्हणाली.

"थरथरत नाय गो, काय करू?"

"तुम्ही हसताय म्हणून. हसू नका."

हसू नका म्हटल्यावर तर झालंच. मी हसले, ती हसली, तिकडचे नऊ हसले. माई दारातून विचारत होत्या की प्रसाद करायचा का. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि जगातला एकच उपयोगी थरथरता हात सुट्टीवर गेला होता.

शेवटी शलाकाला सुचलं. तिला माझ्या हाताची थरथर नोंदवून ठेवायची होती, म्हणजे तशीच थरथर पुन्हा पुन्हा संगणकाला देता आली असती. तिने पडद्यावर दुसरं चित्र लावलं. तीच मूर्ती, पण आखणीच्या आधीची. सगळा रंग झालेला, दागिने झालेले, डोळ्यांच्या जागी कोरी पांढरी जागा. "मावशी, माऊसनं आखणी करा," ती म्हणाली.

कोरे डोळे बघितले आणि माझं हसू थांबलं. श्वास आपोआप रोखला गेला. मनगट टेबलावर टेकलं. उजवा डोळा काढला, रेघ बरी आली. डाव्याला वळले आणि हात थरथरला, अगदी तसाच, केसभर, पापणीच्या मधोमध. मी रेघ सोडली नाही. शेवटापर्यंत नेली. पुसायला रबर मागितलं नाही.

तिकडे हेन्रिक दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच्याकडे सगळं नोंदलं गेलं होतं.

दुरुस्ती शुक्रवारी झाली आणि आवृत्ती बाहेर पडली. माझी थरथर आता मांडणीवाल्याच्या चाचण्यांत कायमची आहे. कुणीही त्याच्या लिखावटीत बदल केला की कुठे कुठे ठेवलेले संगणक आधी माझ्या हातासारखे थरथरून बघतात, मगच बदल आत घेतात. तुळसाला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे तुझा हात तिकडं कामाला गेला आणि तू हितं?" तसंच काहीसं आहे.

गेल्या आठवड्यात शलाकाने नवी आवृत्ती आमच्या कारखान्यातल्या संगणकावर घातली. सुरुवातीला चाचणीचं चित्र येतं, आणि चाचणीचं चित्र म्हणजे तीच मूर्ती, मी माऊसने डोळे काढलेली. भाऊशेठ पुढ्यात उभे होते. मी मागे खोकी बांधत होते. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही आखणी कुणाची?" त्यांनी विचारलं.

पोत्यांची थप्पी दोन पावलांवर होती. मी सुतळी खाली ठेवली.

"माझी," मी म्हटलं.

"ते दिसतंय," भाऊशेठ म्हणाले. "चार वर्षांमागं मोठ्या मूर्तीचा डावा डोळा असाच गेला व्हता. ते लोक दर वर्षी येऊन सांगतात, तसाच डोळा द्या, आमच्याकडं बघून काहीतरी बोलायला जातोय असं वाटतं. मी म्हणतो, ती बाई आता नाय आखणी करत." मग माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "आणि गुडघे कसे हायत गो तुझे?"